भट्टीच्या जागेवरचे नेचे

११ जुलै २००७, बुधवार

मॉलच्या पार्किंगमध्ये एका गाडीवाल्याने मला आईवरून शिवी दिली आणि मी त्याचा जबडा मोडला. तिथली गार्डची नोकरी गेली. महिनाभर घरी बसलो. बायको, प्रभावती, फक्त भांडी आपटत राहिली.

आजपासून नवी ड्यूटी. फरीदाबादच्या कडेला भूडकलान म्हणून गाव आहे, आमच्या कॉलनीपासून सायकलवर जाता येतं. तिथे जुन्या बॅटऱ्यांची भट्टी होती. करोल बागेतून गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या ट्रक भरून यायच्या, त्या कुऱ्हाडीने फोडायच्या, ॲसिड नाल्यात सोडायचं आणि आतलं शिसं वितळवायचं. मालक तेजपाल, त्याच गावचा. कोर्टाने भट्टी बंद केली. आता दिल्लीच्या एका सरकारी संस्थेने त्या जागेत काहीतरी लावलं आहे आणि त्याची राखण मला करायची आहे.

मला वाटलं चंदनबिंदन असेल. बघतो तर वीतभर उंचीची, कंगव्यासारख्या पानांची रोपं, हिरव्या जाळीच्या सावलीत. फूल नाही, फळ नाही. उभा जन्म सरहद्दीवर काढला आणि आता हे राखायचं.

संस्थेच्या डॉ. वृंदा मॅडम भेटल्या. आपल्याकडच्या, पण वडील केंद्र सरकारात होते म्हणून जन्म दिल्लीतच गेला. म्हणाल्या, "बिल्कुल टेन्शन नका घेऊ सुभेदारसाहेब. बस, आत कुणी यायला नको आणि पान कुणी तोडायला नको."

पाणी घालायला रामबिलास म्हणून एक बिहारचा माणूस आहे. आधी ह्याच भट्टीत बॅटऱ्या फोडायचा. नजर सारखी खाली. अशा माणसांवर लक्ष ठेवावं लागतं.

१६ जुलै, सोमवार

मॅडमना विचारलं, ह्याला मराठीत काय म्हणतात? त्या हसल्या. "आम्ही फर्नच म्हणतो. थांबा." तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, नेचे. माझ्या गावाकडे, भुदरगडच्या रानात, ओढ्याकाठी ढिगाने उगवतात. तिथे नुसतंच तुडवत जायचो.

मग त्यांनी मला सगळं समजावलं. बॅटरीच्या शिशात थोडं आर्सेनिक मिसळलेलं असतं, म्हणजे सोमल. भट्टीच्या राखेतून ते मातीत उतरलं आणि मातीतून हातपंपाच्या पाण्यात. दुसरं झाड अशा मातीत पिवळं पडून मरतं. हा नेचा मात्र आर्सेनिक मुळांनी ओढून पानात नेतो आणि तिथे कोंडून ठेवतो. वर आणखी जोमाने वाढतो. पानं एवढी विषारी होतात की टोळसुद्धा तोंड लावत नाहीत. नोव्हेंबरात पानं कापायची, बंद पिंपांत भरून न्यायची, पुन्हा फुटली की पुन्हा कापायची. दरवेळी माती थोडी हलकी होत जाते.

"आणि शिसं?" मी विचारलं.

"शिसं तो घेत नाही. ते राहणार. एकेक करूनच काढायला लागेल." हातमोज्यांशिवाय मातीला हात लावायचा नाही आणि हात धुतल्याशिवाय जेवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. रामबिलास मोजे घालतो. मी घालत नाही. काठीची पकड सुटते.

संध्याकाळी बळवंत चहाला आला. पलटणीत माझ्या हाताखाली हवालदार होता. रिटायर झाल्यावर तेजपालकडे ड्रायव्हर म्हणून लागला आणि आमच्याच कॉलनीत दोन गल्ल्या सोडून घर केलं. परमुलखात आपला म्हणावा असा तेवढाच एक. भट्टी बंद झाली तरी तेजपालने त्याला काढलं नाही. म्हणजे माणूस अगदीच वाईट नसावा. बळवंतच्या कपड्यांना हल्ली धुराचा वास मारतो. विड्या वाढलेल्या दिसतात.

२ ऑगस्ट, गुरुवार

आज हात मोकळा झाला.

दुपारी तीन पोरं ट्रॅक्टर घेऊन आली. म्हणाली, तारेचं कुंपण आमच्या हद्दीत आलंय, काढतो. मी म्हटलं, मॅडमना विचारा. एकाने माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे ढकललं आणि नेच्यांच्या पहिल्या रांगेत पाय घातला. मग मी थांबलो नाही. पहिल्याच्या कोपरावर काठी बसली तशी सुकी फांदी मोडल्यासारखी कड्कन वाजली. दुसऱ्याचं डोकं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आपटलं, दोनदा. तिसरा पळाला. कोपर मोडलेला पोरगा खाली बसून लहान मुलासारखा रडत होता. त्याला उचलून ट्रॅक्टरवर टाकलं आणि म्हटलं, फिर आना.

खोटं कशाला लिहू? बरं वाटलं.

रामबिलास पाण्याचा पाइप हातात धरून उभा राहून बघत होता. एकाच वाफ्यात पाणी चाललं होतं, ते त्याच्या ध्यानातच नव्हतं. ओरडलो तेव्हा दचकला.

घरी प्रभावतीने शर्ट भिजत घातला. "रक्त कुणाचं?"

"माझं नाही."

"ते दिसतंय," ती म्हणाली.

१५ ऑगस्ट, बुधवार

कॉलनीत झेंडावंदन होतं. दोरी ओढायचा मान बळवंतला दिला, तर त्याला ओढता येईना. मनगटं पुढे लोंबत होती, बोटांत जोरच नाही. शेवटी मी पुढे होऊन ओढली. चारचौघांत मला लाज वाटली. हाच बळवंत लाइट मशीनगन एका हाताने उचलायचा.

त्याची बायको सुमित्रा डोक्यावरून पदर पुढे ओढून उभी होती. गाल काळानिळा, ओठ फुटलेला. प्रभावतीने विचारलं तर म्हणाली, मोरीत पडले. नंतर मी बळवंतला बाजूला घेतलं. म्हटलं, दारू कमी कर, बायकोवर हात टाकतोस, हे शोभत नाही.

"दारू कुठली, दादा? पोटात एवढी कळ येते की घोट उतरत नाही. आणि मग डोकं असं फिरतं, समोर कोण आहे तेच दिसत नाही."

सगळे पिणारे असंच म्हणतात. मी हसून सोडून दिलं.

३ सप्टेंबर, सोमवार

नेचे गुडघ्याला लागले. नाल्याकडच्या रांगेची पानं मात्र कडेने तपकिरी पडली आहेत. मॅडमनी मागच्या खेपेला तिथली माती नेली होती, तिचा रिपोर्ट आज घेऊन आल्या. बाकीच्या वाफ्यांत आर्सेनिक कमी होतंय आणि त्या रांगेत वाढतंय.

"असं कसं?"

"वरून नवी राख पडते आहे. जवळपास कुठेतरी भट्टी चालू आहे."

मी म्हटलं, नाल्यापलीकडे वीटभट्टी आहे, तिचा धूर येतो पहाटे.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पावसाळ्यात वीटभट्टी कुठली चालते, सुभेदारसाहेब?"

खरंच की. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्या प्रदूषण खात्याच्या अधिकाऱ्याला घेऊन येणार आहेत, थेट नाल्यापलीकडे जायला. कुणाजवळ बोलू नका म्हणाल्या. रामबिलास तिथेच पाणी घालत होता, त्याने ऐकलं. त्याला मी दम भरून ठेवला.

संध्याकाळी बळवंत घरी आला. पोट दाबून बसला होता. "मॅडम ह्या आठवड्यात येणार का, दादा? एकदा भेटीन म्हणतो. आपल्या गावाकडच्या आहेत." मी म्हटलं, गुरुवारी सकाळी ये, पण एक अधिकारी बरोबर असेल. बळवंतला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे.

६ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमची गाडी नाल्याच्या वळणावर आली आणि बाभळींमागून विटा सुरू झाल्या. पहिल्या विटेने पुढची काच गेली. मी फाटकातून पळत सुटलो. पंधरा-वीस माणसं असतील, तोंडाला गमछे बांधलेली. मागच्या गाडीतला अधिकारी गाडी वळवून निघून गेला. मॅडम कागद छातीशी धरून खाली उतरत होत्या, तेवढ्यात अर्धी वीट त्यांच्या कपाळावर बसली. आवाज न करता त्या गुडघ्यांवर बसल्या. चेहरा दिसेना, नुसतं रक्त.

मी मध्ये घुसलो. किती मारले आठवत नाही. एकाचे दात माझ्या बुक्कीने तुटले, ते मुठीत रुतले. माझ्या पाठीत लोखंडी सळी बसली आणि श्वासच अडकला. तेवढ्यात दुसरे प्लॅस्टिकचे कॅन घेऊन वाफ्यांत शिरले होते. बॅटरीचं ॲसिड. रांगेरांगेने ओतत गेले. नेचे चुरचुरले, वाफ निघाली, पानं माझ्यादेखत काळी होऊन मान टाकत गेली. मॅडमना सोडून तिकडे जाता येईना. त्यांना गाडीत आडवं करून ड्रायव्हरला म्हटलं, चल. वाटेत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एकदाच डोळे उघडून त्यांनी विचारलं, "जळले का?" मी म्हटलं, नाही.

कपाळाला टाके पडले. कवटीला चीर आहे. दिल्लीला हलवलं.

आज बळवंत आला नाही. आणि रामबिलासही कामावर नव्हता. गुरुवारचं त्याला ठाऊक होतं. नेमकं आजच कसा नव्हता?

७ सप्टेंबर, शुक्रवार

बोटं सुजली आहेत, अक्षर वाकडं येतंय.

सकाळी रामबिलास आला. जळालेले वाफे बघून डोक्याला हात लावून खाली बसला. मला वाटलं, नाटक करतोय. विचारलं, "कल कहाँ था?"

"साहब, बच्ची को..."

पुढचं मी ऐकलं नाही. कानाखाली दिली. तो आडवा झाला. "किसको बताया? तेजपाल को?"

"नहीं साहब. माई कसम."

लाथ घातली. तो उठून फाटकाकडे पळायला लागला, तिथेच पकडला आणि मग काठी घेतली. दोन्ही हातांनी त्याने डोकं झाकलं. मी हातांवर मारत राहिलो, हात खाली पडेपर्यंत. प्रत्येक फटक्याला विचारत होतो, किसको बताया. तो नहीं म्हणायचा, मग नहीं म्हणणंही बंद झालं. शेवटचा फटका तोंडावर बसला. असा ओला आवाज आला की मी आपोआप थांबलो.

डाव्या डोळ्यातून रक्त आणि पाण्यासारखं काहीतरी वाहत होतं. तो ओरडला नाही. जमीन चाचपत फाटकाबाहेर सरकत गेला. पुढच्या रिक्षावाल्याने त्याला उचललं. चपला आतच राहिल्या.

निदान गद्दार सापडला. मॅडमना सांगायला काहीतरी आहे.

८ सप्टेंबर, शनिवार

गाढ झोपलो.

दुपारी रामबिलासची बायको चपला न्यायला आली. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. ती मुलगी सारखी मान टाकत होती, डोळे एका बाजूला फिरलेले. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. चपला पदरात घेतल्या आणि गेली. मी फाटक लावून घेतलं.

बळवंत आला होता. रामबिलासचं सांगितलं. कपाकडे बघत म्हणाला, "बरं केलंत, दादा." चहा तसाच ठेवून गेला.

११ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमना बघायला दिल्लीला गेलो. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. मी अदबीने उभं राहून सांगितलं, ज्याने खबर दिली त्याला धडा शिकवलाय.

"कोणाला?"

"रामबिलासला. गुरुवारी नेमका गायब होता."

त्या उठून बसायला गेल्या, जमलं नाही. "त्याच्या मुलीला झटके येत होते. पहाटे त्याने मला फोन केला, रडत होता. सरकारी दवाखान्यात ने, असं मीच सांगितलं. सुट्टी मी दिली, सुभेदारसाहेब. काय केलंत त्याला?"

मी सांगितलं. काठीचं सांगितलं. डोळ्याचं पण सांगितलं.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या डोक्याचा बदला मी मागितला होता का तुमच्याकडे?"

"नाही, मॅडम."

"मग तुम्ही माझं नाव का घेता? तुम्हाला मारायचं होतं. चले जाइए यहाँ से." मराठीतून हिंदीवर आल्या, परक्या माणसाशी बोलावं तसं.

घरी येऊन जेवायला बसलो. मोठ्याने बोललो, "मग सांगितलं कुणी?"

प्रभावती पोळी लाटत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही."

"काय?"

"तुम्ही बळवंतभावजींना सांगितलंत. ह्याच जागी बसून. गुरुवार सकाळ. मी चहा देत होते."

मी ताट भिंतीवर फेकलं. आमटी तिच्या पायांवर उडाली. ती हलली नाही. म्हणाली, "आता मला मारणार का? तीस वर्षांत तेवढं एक राहिलंय."

१२ सप्टेंबर, बुधवार

काठी घेऊन बळवंतकडे गेलो. त्याला मारून टाकायचं असंच मनात होतं. हे लिहून ठेवतो, कारण नंतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

तो खाटेवर पोट धरून दुमडला होता. मी काठी उगारली. त्याने तोंडावर हात घेतले, पण मनगटं उलटी लोंबकळत होती, ओलं फडकं लोंबावं तशी. त्या हातांनी काहीच अडणार नव्हतं.

सुमित्रा कोपऱ्यात उभी होती. म्हणाली, "मारा भावजी. एकदा त्यांनाही कळू दे."

मी खाटेच्या चौकटीवर मारत सुटलो, काठी मोडेपर्यंत. खाटेचा एक पाय निखळला आणि बळवंत जमिनीवर घसरला. मग मीही खाली बसलो.

"का रे?"

"भट्टी नाल्यापलीकडे आहे, दादा. मे महिन्यापासून. मीच आगीवर असतो. ड्रायव्हरला आता काम काय उरलंय? तेजपाल म्हणाला, बाई कधी येते तेवढं विचार. अडवू, फोटो काढू देणार नाही. विटांचं बोलला नव्हता."

"आणि रामबिलास?"

त्याला बोलताना धाप लागत होती. हिरड्यांवर निळी-काळी रेघ दिसत होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी. "तुम्ही त्याला मारलंत असं कळलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, संपलं, आता माझं नाव येत नाही."

मग त्याला झटका आला. हातपाय ताठ, दातांमध्ये जीभ. सुमित्राने पदराचा बोळा करून त्याच्या तोंडात घातला. तिला सवय असावी. त्याला पाठीवर घेऊन मी रस्त्यापर्यंत पळालो. टेम्पो थांबवला आणि छावणीतल्या लष्करी दवाखान्यात नेलं. डॉक्टर कॅप्टन पोरसवदा होता. मनगटं बघून, हिरड्या बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "ये आदमी बैटरी का काम करता है?"

झेंड्याच्या दिवशी मी त्याला दारुडा म्हटलं होतं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

ठाण्यात गेलो. मी एका मजुराला मारलं, त्याचा डोळा गेला, असं सांगितलं.

"शिकायत किसने की?"

"किसीने नहीं. मैं खुद बता रहा हूँ."

अंमलदाराने मला खुर्ची दिली. चहा मागवला. "सुभेदार साहब, फौजी आदमी हो. लेबर लोगों में ये सब होता रहता है. घर जाइए." मी उठलो नाही, तेव्हा तो चिडला. बाहेर काढायला दोन शिपाई आले. त्यांच्यावर हात उचलला असता तर लगेच आत घेतलं असतं. सोपा रस्ता होता. उचलला नाही. ठाण्याच्या पायरीवर बसून राहिलो.

दुपारी मॅडम आल्या. दवाखान्यातून स्वतःच्या सहीवर उठून आल्या होत्या, पट्टीतून पिवळा डाग दिसत होता. बरोबर रामबिलासची बायको. तिने तक्रार लिहून दिली, अंगठा उठवला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यही है." मॅडमनी भट्टीबद्दलची तक्रारही त्याच टेबलावर ठेवली आणि दोन्ही नोंदवल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या.

आता नेतील. वही प्रभावतीकडे देतो आहे.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

आमची मुलगी अलका पुण्याहून आली, जामीन केला आणि माझ्याशी न बोलता परत गेली.

बळवंत गेला. मी आत असताना. मरण्याच्या आधी दोन दिवस शुद्धीवर होता, तेव्हा मॅडमसमोर आणि पोलिसांसमोर जबाब दिला, भट्टी कुठे, माल कुठून येतो, विटा कुणाच्या माणसांनी मारल्या. मग पुन्हा झटके सुरू झाले. सुमित्रा म्हणाली, चादरींनी पलंगाला बांधून ठेवावं लागलं होतं, सगळ्यांना शिव्या देत होता, तिचं नाव घेत नव्हता. ती रडली नाही. गाल आता भरून आला आहे. भावाकडे साताऱ्याला निघाली आहे.

नाल्यापलीकडची भट्टी सील झाली. तेजपालला पकडलं होतं, तो माझ्याआधी जामिनावर सुटला.

लष्करी डॉक्टरने माझंही रक्त तपासलं. शिसं आहे, बळवंतएवढं नाही, पण आहे. म्हणाला, शिशाने माणूस चिडका होतो, पटकन भडकतो. कोर्टात वकिलाला हे सांगा, उपयोग होईल.

मी विचार केला. मॉलमधला जबडा मी भूडकलानला जायच्या आधी मोडला. त्याआधीही कितीतरी. वकिलाला सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर, बुधवार

ड्यूटी गेलीच आहे. तरी आज सायकल काढून तिकडे गेलो. फाटकावर नवा गार्ड, त्याने आत सोडलं नाही. तारेपलीकडून बघितलं.

ॲसिड ओतलं तिथे वर काही उरलं नव्हतं, नुसती काळी खुटं. पण जमिनीखालचे गड्डे मेले नव्हते. खुटांमधून नवे कोंब येत होते, डोकं आत गुंडाळलेले. मॅडम वाकून मोजमाप घेत होत्या. कपाळावर जाड लाल वळ. मला बघून सरळ झाल्या. तारेजवळ आल्या.

"बोला."

"नोव्हेंबरात कापणी आहे ना? मी येईन. पगार नको."

"काठी?"

"मोडली."

"नवी मिळते बाजारात." त्यांनी मोजपट्टी गुंडाळली. "रामबिलास पुढच्या आठवड्यापासून कामावर येतो आहे. मी त्याला म्हटलं, दुसरीकडे बघू. तर म्हणाला, एका डोळ्याच्या माणसाला दुसरीकडे कोण घेतं? तुमचं त्याला विचारीन. तो नको म्हणाला तर तारेजवळही यायचं नाही."

"मुलगी?"

"तिच्या रक्तात शिसं निघालं. बापाच्या कपड्यांवरून घरात गेलं. औषध चालू आहे. चालते आता, पण बोलत नाही. बोलेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत."

मी विचारलं, हे नेचे ते काढू शकत नाहीत का, शिसं.

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि परत वाफ्यांकडे गेल्या.

११ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीत आमच्याकडे काही केलं नाही. आज बाजारातून येताना तेजपालची तीन माणसं नाल्याच्या पुलावर आडवी आली. एकाचा हात अजून गळपट्टीत होता, ऑगस्टात मोडलेलं कोपर. म्हणाली, बळवंतकडून जबाब तूच देववलास.

पिशवी खाली ठेवली. पहिला फटका मीच मारणार होतो, मूठ वळलीही होती. कोपरवाल्या पोराने हात गळपट्टीतून काढला. तो सरळच होत नव्हता, काटकोनात जाम झालेला. त्याच हाताने तो मला मारायला बघत होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

माझी मूठ सुटली. घाबरून नाही. त्यांनी भरपूर मारलं. दोन बरगड्या गेल्या, एक दात गेला. कठड्याला धरून उभा राहायचा प्रयत्न केला, तेव्हा पुन्हा पाडलं. मार खाताना मला पहिल्यांदा कळलं की मारणारा किती जवळ असतो, त्याच्या तोंडाचा वास येतो.

प्रभावतीने जखमा पुसल्या. विचारलं, "ह्यात रक्त कुणाचं?" मी म्हटलं, सगळं माझंच. तिने फडकं पिळलं आणि पुन्हा पुसायला लागली. पहिल्यांदाच तिचा हात हलका वाटला.

२८ नोव्हेंबर, बुधवार

आज कापणी झाली. रामबिलास हो म्हणाला, असा मॅडमचा काल निरोप आला होता. पण त्याची एक अट आहे, ती तो स्वतः सांगेल.

बरगड्या आवळून बांधून गेलो. मॅडमनी हातमोजे दिले, ते घातले. नव्या फुटव्याची पानं पुन्हा वीत-दीड वीत झाली होती. निळ्या पिंपांवर धोक्याची चित्रं चिकटवलेली. संस्थेची दोन माणसं झाकणं घेऊन उभी होती.

रामबिलास विळा घेऊन वाफ्यात बसला होता. डावा डोळा शिवून बंद केलेला, त्या बाजूचा गाल खाली ओढला गेलाय. डाव्या बाजूचं त्याला काही दिसत नाही, म्हणून पान धरण्याआधी सगळी मान तिकडे वळवतो. मी येऊन उभा राहिलो. बोलायला काय काय ठरवून आलो होतो. तोंडातून निघालं एवढंच, "रामबिलास, मुझसे बहुत..."

त्याने विळ्याचा हात वर करून मला थांबवलं. माझं बोलणं त्याला नको होतं.

"साहब, एक बात. आप पीछे मत रहना. इस तरफ भी नहीं." त्याने मेलेल्या डोळ्याच्या बाजूला बोट केलं. "सामने बैठो. जहाँ मुझे हाथ दिखे."

मी वळसा घालून पलीकडे गेलो. त्याच्यासमोर, उजव्या डोळ्याच्या रेषेत, मातीत बसलो. दोन्ही हात पुढे ठेवले. त्याने हात बघितले, मग पहिली पानं कापून माझ्याकडे सरकवली. मी ती उचलून पिंपात टाकत गेलो. दुपारपर्यंत आम्ही असेच रांगेने पुढे सरकत होतो, तो तोंड पुढे करून आणि मी त्याच्याकडे तोंड करून मागे मागे. एकदा मला शिंक आली आणि हात चेहऱ्याकडे गेला, तर त्याचा विळा हवेतच थांबला. हात खाली आणून पुन्हा त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते नीट बघून घेतले, आणि मग पुढचं पान कापलं.